ताट गोलच हाय

माझ्या नवशीमावशीला एखादी वस्तू नीट बघायची असली की ती आधी डोळे घट्ट मिटून घ्यायची. मग चष्मा कपाळावर सरकवून हात पुढे करायची. वस्तू चाचपायची, उलटीपालटी करायची, कधी नाकाशी न्यायची. सगळं मनासारखं पटलं की मगच डोळे उघडून तिच्याकडे बघायची, तेही संशयानं, उलटतपासणी घेतल्यासारखं. आणि हे सगळं दिसायला लागल्यानंतर बरं का! आधी नव्हे. मी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासण्याचं काम करते. चष्म्याचे नंबर काढते, मोतीबिंदूची माणसं पाड्यापाड्यांतून शोधून ऑपरेशनला पाठवते. माझ्याच सख्ख्या मावशीनं माझ्यासमोर डोळे मिटून माठातलं पाणी काढावं, आणि वर मलाच म्हणावं, "मधी उभी राहू नको, सुमे, मना काय दिसत नाय," तेव्हा माझं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. सूर्यमाळच्या एका पाड्यावर राहायची, धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या गोविंदमामाच्या घरात. चार वर्षांची असताना तिच्या दोन्ही डोळ्यांत मोती पिकला. का पिकला, त्यावर काही करता येतं का, हे त्या काळात त्या पाड्यावर कुणी कुणाला विचारणार? पोरीचे डोळे गेले, एवढंच घरच्यांना कळलं. तिचं लग्न झालं नाही. पण ती बसून कधी राहिली नाही. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करताना ती नुसत्या बोटांनी अंतर धरून सरळ ओळ लावायची. नागली दळायची, सुपं विणायची. अंगणात कोण आलं ते पावलांवरून सांगायची. आम्ही आमच्या गावाहून, साखरशेतहून, सुट्टीत मामाकडे जायचो तेव्हा मी मुद्दाम चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत तिच्या मागे जायची. ती मान न वळवता म्हणायची, "सुमे, पाय धुऊन ये. शेणात पडलाय तुझा पाय." आणि खरंच पडलेला असायचा.

पाड्याच्या खाली विहीर आहे. दगडी पायऱ्यांची, उभी, एक पायरी वीतभर तर पुढची गुडघाभर. चैत्र लागला की पाणी पार तळाला जातं आणि त्या सगळ्या पायऱ्या उतराव्या लागतात. मावशी डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन ती विहीर चढायची-उतरायची, आणि वर थांबलेल्या बायांना टोमणे मारायची. "डोळंवाल्या असून अडखळतात! माझं डोळं असतं तर मी पळत गेली असती."

हे शेवटचं वाक्य मी मनात धरून ठेवलं होतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात बॅटरी घेऊन सूर्यमाळला गेले, तिचे डोळे तपासले आणि ओरडलेच. पांढरेफटक मोती, पण मागचा पडदा उजेडाला जागा होता. म्हणजे ऑपरेशन होण्यासारखं होतं. मी तिला सांगितलं, "मावशे, तुला दिसेल."

"बरं," ती म्हणाली. "बस. चहा घे."

दोन वर्षं. दोन वर्षं मी तिच्या मागे होते. दर वेळी नवं कारण. शेळी व्यायली, आवणी आली, गुडघा दुखतो, स्वप्न वाईट पडलं. एकदा तर सरळ म्हणाली, "मना काय कमी हाय? तुझं तू बघ की." मी चिडून तिच्याशी महिनाभर बोलले नाही, तर तिनं निरोप पाठवला की सुमीला सांगा, महिना फार शांत गेला.

शेवटी ती तयार झाली ती माझ्यामुळे नव्हे. त्या वर्षी गोविंदमामा आणि मामी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं म्हणत होते. घर, शेळ्या आणि मावशी मागे एकटी राहणार. मावशीला एकटं राहायची भीती नव्हती, पण भाऊ आपल्या काळजीनं जात नाही हे तिला खपत नव्हतं. ती जव्हारला आली, माझ्या टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "कर काय करायचं ते. दुखलं तर तुझं नाव घेऊन ओरडीन."

नाशिकच्या दवाखान्यात ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेतलं. "किती वर्षांची असताना दृष्टी गेली?"

"चार."

"आणि आता पंचेचाळीस-पन्नास. हे बघ, खराब भिंग काढून नवं बसवणं माझ्या हातात आहे. बघायला शिकवणं माझ्या हातात नाही. इतकी वर्षं हे काम तिच्या मेंदूनं केलेलंच नाही. कदाचित पुरतं जमणारही नाही. घरच्यांना नीट कल्पना दे."

मी मान डोलावली. मोठे डॉक्टर बोलतात तेव्हा आपण डोलावतो तशी. कल्पना कुणालाच दिली नाही. मनात म्हटलं, डोळा उघडला की माणूस बघतो, त्यात शिकवायचं काय?

दुसऱ्याही डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा मी तिच्यासमोर उभी होते. मला वाटलं होतं ती रडेल, निदान मला ओळखेल. तिनं डोळे किलकिले केले, मिटले, पुन्हा उघडले आणि दोन्ही हात तोंडासमोर धरून मागे सरकली. "हे सगळं माझ्या तोंडावर कशाला आणून ठेवलंय? जरा लांब करा की!"

"काय लांब करू, मावशे?"

"सगळं!"

तिला भिंत, खिडकी, खाट, मी, नर्सबाई असं काही वेगळं दिसतच नव्हतं. रंगांची एक गोधडी होती आणि ती गोधडी कुणीतरी तिच्या डोळ्यांना चिकटवली होती. त्या गोधडीतून एकच गोष्ट तिला सुटी दिसली, ती म्हणजे छताचा पंखा, कारण तो फिरत होता. तिनं बोट दाखवलं. मी आनंदानं पंखा बंद केला, म्हटलं, बघ नीट. पंखा थांबला आणि तिच्यापुरता नाहीसा झाला. "कठं गेला?" ती म्हणाली. मग माझा आवाज ऐकून तिनं माझ्या तोंडावर हात फिरवला, डोळे मिटून, आणि म्हणाली, "हां. हीच सुमी."

नाशिकहून परत येताना मी तिला हौसेनं एसटीत अगदी पुढे, ड्रायव्हरच्या मागे बसवलं. हौसच नडली. गाडी त्र्यंबकच्या पुढे घाटाला लागली आणि मावशी किंचाळून सीटखाली बसली. झाडं अंगावर येत होती म्हणे. पुढून येताना मोठी मोठी होत आणि अगदी काचेशी आली की फाटून दोन्ही बाजूंना पळत. "सुमे, त्यांना थांबव!" अख्खी गाडी बघायला लागली. मी दातओठ खात समजावलं की झाडं जागच्या जागी आहेत, आपण चाललोय. "मी तर बसलेय," ती खालून म्हणाली. मोखाड्यापर्यंत ती सीटखालीच होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "ताई, यांना बरं नाही का?" मी म्हटलं, "उलट, यांना नुकतंच बरं वाटायला लागलंय."

मी तिला दोन महिने जव्हारला माझ्या खोलीवर ठेवून घेतलं. तिला शिकवायचं ठरवलं. रोज संध्याकाळी कामावरून आले की टेबल, खुर्ची, समोर वस्तू. पेला, चेंडू, ताट. "नुसत्या डोळ्यांनी सांग. हात लावायचा नाही. मान हलवायची नाही. सरळ बस." मी तिला बजावत असे.

ताटावरून आमचं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी ताट तिच्यासमोर उभं धरलं. "कसं आहे?"

"गोल."

मी ते आडवं, जरा तिरकं केलं. "आता?"

ती बराच वेळ बघत राहिली. "हे दुसरं हाय. लांबोडकं. भोपळ्याच्या बीसारखं."

"तेच ताट आहे, मावशे."

तिनं डोळे मिटले, हात लावला, कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्यावरच उखडली. "ताट गोलच हाय! मी हातानं बघितलंय. हाताला कधी लांबोडकं लागत नाय. तू दिलंय ते डोळं खोटं सांगतं."

मी तिला समजावलं. ताट तिरकं केलं की डोळ्याच्या पडद्यावर पडणारं त्याचं चित्र खरंच लांबट होतं. तुझ्याच नाही, माझ्याही. पण आमच्या मेंदूला लहानपणापासून सवय आहे. चित्र बदललं तरी वस्तू तीच, हे तो परस्पर ठरवून टाकतो. आम्हाला लांबट चित्र जाणवतच नाही, गोल ताटच दिसतं. माणूस लांब गेला की त्याचं चित्र वीतभर होतं, पण आम्हाला तो बुटका झाला असं वाटत नाही. पांढरं लुगडं सावलीत गेलं तरी पांढरंच वाटतं. तुला हे हिशेब नव्यानं शिकायचे आहेत.

ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे तुमचं डोळं बी खोटं सांगतं. तुम्ही मनात दुरुस्त करून घेता."

"हो, तसंच."

"मग माझ्या हाताला तर दुरुस्त करावंच लागत नाय. शहाणा कोण?"

मी उठून तिला जेवायला वाढलं.

एका रविवारी तिला गावाजवळच्या शिरपामाळच्या टेकडीवर नेलं. म्हटलं, मोकळं बघेल, डोंगर बघेल. तिथं फिरायला आलेली माणसं होती. त्यांतलं एक जोडपं आमच्याशी दोन शब्द बोललं आणि उताराच्या रस्त्यानं निघालं. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडला. "सुमे, ही माणसं आटत चाललीत." मी म्हटलं, लांब चाललीत. "नाय, आटतात. आता बोटाएवढी राहिली." आणि ती त्यांना उचलायला हात पुढे करून कठड्यावरून वाकली. मी मागून तिचा पदर धरून खेचलं. दोघीही धपकन खाली बसलो. ती उलट माझ्यावरच रागावली, "आटून संपली असती तर?" लोक हसले. मला हसू आलं नाही. सगळ्यांसमोर मी तिला बोलले, नको ते बोलले. एवढं सोपं तुला समजत नाही, असं म्हणाले. ती परतीच्या वाटेवर डोळे मिटून, माझा हात न धरता, एकदाही न अडखळता चालली.

माझ्या खोलीपुढच्या सावल्यांचाही तिला जाच होता. अंगणात जांभळीची सावली पडली की ती तिला खड्डा वाटायची. वळसा घालून जायची, किंवा काठाशी थांबून पाय हवेत धरायची. मी पंधरा दिवस तिला त्या सावलीवरून चालवलं. "काळं दिसलं म्हणून थांबायचं नाही. ती सावली आहे. ठेव पाय. जोरात ठेव." शेवटी ती ठेवायला लागली. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट शिकवली.

तिला सूर्यमाळला परत सोडलं आणि मामा-मामी भट्टीवर गेले. मी रविवारी जायची. पाणी आटत चाललं होतं. अशाच एका रविवारी, भर बारा वाजता, मी तिच्याबरोबर विहिरीवर गेले. तिनं काठावर चष्मा काढला, डोळे मिटले, आणि आपल्या जुन्या सवयीनं पहिल्या पायरीवर पाय टाकला. मला ते बघवलं नाही. एवढं ऑपरेशन, एवढे दोन महिने, आणि ही पुन्हा आंधळी होऊन उतरणार!

"मावशे! चष्मा घाल. डोळे उघड. असं करशील तर जन्मात शिकणार नाहीस."

"इथं नको, सुमे. ही वाट पायाला ठाऊक हाय."

"उघड म्हणते ना!"

तिनं उघडले. माझं ऐकायचं म्हणून उघडले, मला खूश करायला. चार पायऱ्या उतरली. पाचवीनंतर ती मोठी, गुडघाभर खोल पायरी होती. वरून ती काळी पट्टी दिसते. मावशी थांबली. त्या काळ्या पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे तोंड करून, शाबासकी मागितल्यासारखी म्हणाली, "सावली हाय," आणि जोरात पाय ठेवला.

हंडा तिच्या पुढे गेला. दगडांवरून आपटत जाणाऱ्या रिकाम्या हंड्याचा आवाज मी कधी विसरणार नाही. बायांनी तिला वर आणलं. उजवं मनगट मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं. तिनं रडारड केली नाही. फक्त म्हणाली, "तू म्हणाली होती, काळं दिसलं की सावलीच."

मी तसं म्हणाले नव्हते. पण तिला तसंच शिकवलं होतं.

भट्टीवरून मामा आला. अंगावरची विटांची धूळही झटकली नव्हती. मी आयुष्यात त्याला मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही तो मोठ्यानं बोलला नाही. "सुमन," तो म्हणाला, नेहमीसारखं सुमे नाही, "चाळीस वर्षं ती त्या विहिरीत उतरते. आंधळी होती तेव्हा एकदा बी पडली नव्हती."

प्लॅस्टर लागलं तसा तिचा उजवा हातच गेला. म्हणजे तिचे खरे डोळे गेले, आणि ते मी घालवले. तिनं चष्मा टोपलीत टाकला आणि डोळ्यांना फडकं बांधून ओट्यावर बसून राहायला लागली. दळण नाही, सूप नाही. मी तीन रविवार गेले. ती माझ्याशी बोलली नाही. मी आणलेली औषधं घ्यायची, चहा घ्यायची, बोलायची नाही. मला वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. इतकी वर्षं अंधारात काढलेली बाई, उजेड मिळाला तर त्याच्यावर रुसून बसते! गाडीत बसून घाट उतरताना मी स्वतःशीच तिच्याशी भांडत यायची.

चौथ्या रविवारी पाड्यात शिरले तर दोघी-तिघी बाया वाटेतच भेटल्या. "लवकर जा. तुझ्या मावशीच्या अंगात आलंय. सकाळधरनं डुलते."

मी धावतच गेले. मावशी ओट्यावर उभी होती. फडकं नव्हतं. चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला. प्लॅस्टरचा हात पोटाशी धरून ती कमरेपासून डावीकडे-उजवीकडे डुलत होती, सरडा फांदीवर डुलतो तशी, आणि समोर एकटक बघत होती.

"मावशे, काय होतंय तुला?"

"गप. मधी येऊ नको." डुलणं चालूच. "मी हालली का हा खुंटा पळतो. बघ. तो पळस थोडा हालतो. आन् तो पलीकडचा डोंगर बसूनच राहतो. खुंटा जवळ. पळस लांब. डोंगर लई लांब. मी हात बी लावला नाय!"

शेळीचं दावं सुटलं होतं, हात अडकलेला, कुणाला हाक मारावी तर मामा रानात गेलेला, बाया पाण्याला. खुंटा शोधायला म्हणून तिनं फडकं काढलं होतं, आणि मान वळवता वळवता तिला हे सापडलं होतं.

मी ओट्याच्या कडेवर बसले. हे मी शिकले होते. पुस्तकात आकृतीसकट होतं: आपण हललो की जवळच्या वस्तू जास्त सरकतात, लांबच्या कमी, आणि त्यावरून मेंदू अंतर ओळखतो, एका डोळ्याच्या माणसालाही ते जमतं. परीक्षेत मी ते उत्तर लिहून आले होते. आणि दोन महिने मी हिला खुर्चीवर बसवून काय सांगत होते? मान हलवायची नाही. सरळ बस.

"तू मना हे सांगितलं का नाय?" मावशीनं विचारलं.

"मला सुचलं नाही."

"एवढी शिकलीस ती कशाला मग?" ती म्हणाली. महिनाभरानंतर ती मला पहिल्यांदा बोलली होती, आणि तेही हे. मला इतकं बरं वाटलं की मी रडले. तिला माझं रडणं दिसलं नाही. ती पळसाचं अंतर काढत होती.

त्यानंतर तिला मी काही शिकवलं नाही. तिनंच स्वतःला शिकवलं. डुलत डुलत अंगण, मग वाट, मग शेत. पाड्यातली माणसं हसायची, मग सरावली. विहिरीशी मात्र अडलं. पायऱ्या दगडाच्याच, भर उन्हात सगळ्या एकसारख्या. डुलूनही कड सुटी दिसेना. प्लॅस्टर सुटल्यावर तिनं मामाला चुना कालवायला लावला आणि प्रत्येक पायरीची कड बोटभर पांढरी करून घेतली. मामा कुरकुरला, पण एकेक पायरी मारत खालपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मावशी काठावर उभी राहिली, डुलली, पांढऱ्या रेघा पाळीपाळीनं सरकताना बघितल्या, आणि उतरली. मी वर उभी होते. या खेपेला मी तोंड उघडलं नाही.

ते तिच्यासाठी होतं, पण उपयोग भलत्यांनाच जास्त झाला. पाड्यातल्या म्हाताऱ्या, ज्यांची नजर अधू झाली होती आणि ज्यांनी आपण पायऱ्या चाचपत उतरतो हे लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्या आता भराभर उतरायला लागल्या. मी पुढे ज्या ज्या पाड्यावर तपासणीला गेले तिथल्या विहिरीच्या कडा रंगवायला सांगितल्या. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

मावशी पुढे सहा-सात वर्षं जगली, पण तुम्ही-आम्ही बघतो तसं तिनं कधीच बघितलं नाही. चेहरे तिला शेवटपर्यंत ओळखता आले नाहीत. माझा फोटो दाखवला तर म्हणायची, "ही चपटी बाई कोण?" पण मी वळणावर दिसले की ओट्यावरून ओरडायची, "सुमी आली, बदकासारखी चालते." हलणारं तिला छान दिसायचं. कोंबडी पळत असेल तर तिचं शेपूटसुद्धा वर्णन करून सांगायची, कोंबडी थांबली की, "गेली मातीत." भातावरून बगळे उडाले की काम टाकून बघत राहायची. "हालतं ते खरं," म्हणायची, "थांबलेलं सगळं संशयाचं." कंटाळली की खुशाल डोळे मिटायची आणि म्हणायची, "आता जरा नीट बघते." मी कपाळाला हात लावायची. आणि ताट तिरकं धरलं की लांबोडकंच दिसायचं. मी गंमत म्हणून विचारलं तरी भांडायला उठायची.

मागच्या पावसाळ्यात तिच्या छातीत कफ झाला. जव्हारच्या वॉर्डात आणली तेव्हा धाप लागली होती. दुपारची मी माझं काम आटोपून तिच्या खाटेशी बसायची. एक प्रश्न इतकी वर्षं मी विचारला नव्हता. तिची धाप जरा कमी होती अशा एका दुपारी मी विचारलं, "मावशे, खरं सांग. मी तुझं ऑपरेशन करवलं ते बरं केलं का?"

ती डोळे मिटून होती. तशीच म्हणाली, "आता विचारते?"

"हो."

"हो म्हणाली तर तुना माज चढंल. नाय म्हणाली तर रडशील." श्वास घ्यायला थांबली. "आधी विचारायला पायजे होतं. तेव्हा मी सांगितलं असतं."

"मी दोन वर्षं विचारतच होते की! तूच टाळत होतीस."

"तू विचारलं कधी? तू सांगत होती." आणि तिनं माझ्याकडे पाठ केली.

मी रागानं उठून गेले. दोन दिवसांनी ती गेली. त्या दोन दिवसांत आम्ही बोललो ते फक्त पाण्याचं आणि औषधाचं. तिच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. मरताना तरी माणसानं एक शब्द चांगला बोलावा. पण गेल्या आठवड्यात मोखाड्याकडची एक बाई माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोती, बरोबर मुलगा आणि सून. मुलगा म्हणाला, "तारीख द्या, मॅडम." मी पेन उचललं. मग खाली ठेवलं, खुर्ची त्या बाईजवळ ओढली आणि मुला-सुनेला जरा बाहेर थांबायला सांगून तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

तिनं दाराकडे कान देऊन दोघं बाहेर गेल्याची खात्री केली. मी थांबले.